पुण्याबाहेरच्या खासगी विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष: आधी कुणी सांगितलं असतं तर

बार्शीला आमच्या गल्लीत अजूनही सांगतात, "पोरगी पुण्याला होती." खरं म्हणजे पुणं मी रविवारीच पाहिलं, तेही दर रविवारी नाही. माझं विद्यापीठ स्वारगेटपासून बसने सव्वा तासावर. आत काचेच्या इमारती, कापलेलं हिरवळीचं मैदान, कारंजं. गेटच्या बाहेर एक चहाची टपरी, एक झेरॉक्सवाला आणि पुढे थेट ज्वारीचं रान.

तिथे मी अर्थशास्त्रात चार वर्षांची बी.ए. ऑनर्स केली. घरात विचारायला एकच माणूस होता, दादा. तो सोलापूरच्या संलग्न कॉलेजात शिकलेला. "हजेरीचं कोण बघतंय", "केटी लागली (एखादा विषय राहिला) तर पुढे निघते", "शेवटचे पंधरा दिवस गाइड वाचायचं", असे त्याचे सल्ले. त्याच्या कॉलेजात ते बरोबरही असतील. माझ्याकडे एकूण एक चुकीचे ठरले, कारण खासगी विद्यापीठ आपले नियम आपणच करतं. म्हणून शेजारच्या ताईचा अनुभव ऐका, पण आपल्या विद्यापीठाची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका. माझाही ऐका तो तसाच.

१. विद्यापीठ नेमकं कोणत्या प्रकारचं आहे ते बघा

माहितीपत्रकावर सगळीकडे "युनिव्हर्सिटी" लिहिलेलं असतं, पण प्रकार तीन. एक, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठाला संलग्न असलेलं कॉलेज. दोन, अभिमत विद्यापीठ, ज्याला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम ३ खाली केंद्राने दर्जा दिलेला असतो. तीन, खासगी विद्यापीठ, जे राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलेलं असतं. पुण्याजवळच्या एका लवळ्यातच सिम्बायोसिस आणि फ्लेम आहेत. पहिलं अभिमत, दुसरं खासगी. बाहेरून बघून फरक कळत नाही. यूजीसीच्या संकेतस्थळावर याद्या असतात, तिथे नाव शोधा.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. खासगी विद्यापीठात अभ्यासक्रम, पेपर, तपासणी, पदवी सगळं घरचंच. त्यामुळे अप्पा बळवंत चौकात तुमच्या विषयाचं गाइड मिळत नाही आणि जुने पेपर मिळाले तर सीनियरच्या पेनड्राइव्हमध्येच मिळतात. दुसरं म्हणजे पैसा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या सगळ्या शिष्यवृत्त्या इथे चालतील असं गृहीत धरू नका. मुलींच्या शंभर टक्के फी माफीचा जुलै २०२४ चा शासन निर्णय घ्या. त्यात अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे आपली खासगी) विद्यापीठं वगळलेली आहेत. आमच्या शेजारची मुलगी टीव्हीवरची बातमी बघून प्रवेश घेऊन मोकळी झाली होती. प्रवेशाआधी विचारा, "माझ्या प्रवर्गाला, या अभ्यासक्रमाला, यंदा कोणती सवलत आहे?" आणि उत्तर मेलवर मागा. काउन्सेलर फोनवर गोड बोलतात, पण पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर दुसराच कोणी असतो.

२. कागदपत्रांची फाइल

मूळ प्रती, प्रत्येकीच्या चार झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- महाराष्ट्र बोर्ड सोडून दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट
- आधार, आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- अधिवास, आणि लागू असेल तर जात, जात वैधता, नॉन क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट
- दहा-बारा फोटो (आठ तरी लागतातच)
- अँटी रॅगिंगच्या ऑनलाइन हमीपत्राची प्रत

यात सगळ्यात जास्त रडवतं ते नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आईचं नाव खाली वेगळ्या ओळीत. आधारवर मात्र स्वतःचं नाव आधी. आता क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारी एककं, हिशेब पुढे सांगते) जमा होतात ती अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे एबीसीच्या खात्यात. हा बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारवरचं नाव उचलतं. विद्यापीठाच्या नोंदीत नाव एका क्रमाने आणि एबीसीत दुसऱ्या क्रमाने असेल तर जुळणी अडकते. माझ्या आधारवर तर वडिलांच्या नावातलं एक अक्षरच जास्त होतं. ते काढायला बार्शीच्या आधार केंद्रात दोन खेपा झाल्या. हे काम निकाल लागल्यावर नाही, बारावीच्या सुट्टीतच उरका.

मूळ कागद कुणाच्या ताब्यात ठेवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रती तपासून परत द्यायच्या असतात. "इथेच राहू द्या, सेफ राहतील," असं कोणी म्हटलं तर हसून परत घ्या.

३. फीची ओळ न् ओळ वाचा

पहिला आकडा असतो ट्यूशनचा. त्याखाली परीक्षा फी, विमा, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस, लाँड्री, कधी कधी लॅपटॉपही. विचारायचे प्रश्न तीनच: दरवर्षी फी किती टक्के वाढणार, कोणती रक्कम परत मिळणार, आणि हप्ता चुकला तर दंड किती. कर्ज काढणार असाल तर बँकेला लागणारं चारही वर्षांचं फीपत्रक सुरुवातीलाच मागून घ्या, नाहीतर दरवर्षी शाखेत नव्याने उभं राहावं लागतं.

दुसरीकडे नंबर लागला म्हणून प्रवेश रद्द करायची वेळ आली, तर त्याच २०१८ च्या अधिसूचनेतलं वेळापत्रक लक्षात असू द्या. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी परत (प्रक्रियेचा खर्च म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात). १५ पेक्षा कमी दिवस आधी ९० टक्के. ती तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८०, पुढे ३० दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर शून्य. यूजीसी एखाद्या वर्षासाठी वेगळ्या तारखा काढते, त्या वर्षीचं परिपत्रक बघा. अर्ज मेलने करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

४. हॉस्टेल की बाहेर खोली

पहिलं वर्ष हॉस्टेलच, असं माझं स्पष्ट मत. महाग पडतं, पण शहराबाहेर संध्याकाळी सातनंतर गेटबाहेर काही नसतं, आणि ग्रुप प्रोजेक्टची खरी कामं रात्री दहानंतर सुरू होतात.

दुसऱ्या वर्षी तिघी-चौघींनी मिळून फ्लॅट घ्यायचा तर अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या. नुसत्या स्टँपवर घरमालकाने लिहून दिलेला कागद चालवून घेऊ नका. आणि आधी विचारा, पाणी कुठलं? पुण्याच्या कडेच्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. आमच्या भाड्यात "मेंटेनन्ससहित" होतं, टँकर धरलेला नव्हता. मार्चमध्ये कळलं.

मेसचं गणित वेगळंच. "खाडा" हा शब्द इथे पहिल्याच आठवड्यात शिकाल. जेवायला न आलेल्या दिवसाचे पैसे वळते होतात त्याला खाडा धरणं म्हणतात. बहुतेक ठिकाणी एखाददुसऱ्या दिवसाचा खाडा धरत नाहीत. सलग तीन-चार दिवस हवेत आणि आधी सांगितलेलं हवं. आमच्या मेसच्या काकू वहीत नाव लिहिलेलं दिसलं तरच मानायच्या. गणपतीला घरी निघताना बॅग आधी की वही आधी, तर वही आधी.

बसचं वेळापत्रक एकदा स्वतः थांब्यावर उभं राहून तपासा, विशेषतः शेवटची बस. आणि तुमचं कॅम्पस सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या बाजूला असेल तर पालखीचे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तुकोबांची पालखी पुण्यातून निघून लोणी काळभोरला मुक्कामी असते आणि त्या दिवशी रस्ता वारकऱ्यांचा असतो. पुरवणी परीक्षा बऱ्याचदा त्याच सुमारास येतात. माझी एक मैत्रीण हडपसरपासून वारीबरोबर चालत परीक्षेला गेली. पेपर निभावला, पाय मात्र आठवडाभर सुजलेले.

५. क्रेडिट म्हणजे वजन

हे नीट समजलं की निम्मं काम झालं. वर्गातल्या साधारण १५ तासांचं एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्याच एका क्रेडिटसाठी ३० तास. नव्या शैक्षणिक धोरणानुसार यूजीसीने जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट लागतात. म्हणजे सेमिस्टरला साधारण २०.

श्रेणींचे गुण असे: ओ १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ शून्य. प्रत्येक विषयाचे गुण गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, हा एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी. माझं पहिलं सेमिस्टर उघडं करून दाखवते:

- सूक्ष्म अर्थशास्त्र, ४ क्रेडिट, बी प्लस: २८
- सांख्यिकी, ४ क्रेडिट, सी: २०
- मानसशास्त्र (मायनर, म्हणजे दुय्यम विषय), ४ क्रेडिट, ए: ३२
- फोटोग्राफी (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), ३ क्रेडिट, ओ: ३०
- इंग्रजी लेखन, ३ क्रेडिट, ए: २४
- पर्यावरण, २ क्रेडिट, ओ: २०

बेरीज १५४, भागिले २०, म्हणजे ७.७०. फोटोग्राफीच्या प्रोजेक्टसाठी मी तीन रविवार तुळशीबागेत बांगड्यांचे फोटो काढत हिंडले. सांख्यिकीला तेवढा वेळ दिला असता आणि सी ऐवजी बी प्लस आला असता, तर एवढ्यानेच ८.१० झाले असते. फोटोग्राफीत ओ ऐवजी ए प्लस पडला असता तर कमी झाले असते फक्त ०.१५. फोटो छान आले होते, त्याबद्दल तक्रार नाही.

श्रेणी कशी देतात तेही पहिल्याच आठवड्यात विचारा. काही ठिकाणी गुणांवरून थेट श्रेणी ठरते, काही ठिकाणी वर्गातल्या तुमच्या जागेवरून. दुसऱ्या पद्धतीत १०० पैकी ७२ ला ए मिळू शकतो आणि सोप्या पेपरात ८० ला बी.

६. हजेरी: आठ सोमवारांची गोष्ट

७५ टक्के हा आकडा सगळे सांगतात. कशाचे ७५, ते सांगत नाहीत. आमच्याकडे एकूण नाही, प्रत्येक विषयाचे वेगळे.

चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास. ४५ भरायलाच हवेत, म्हणजे १५ बुडवता येतात. भरपूर वाटतात ना? माझी सांख्यिकी सोमवारी सकाळी सलग दोन तास असायची. मी शुक्रवारी रात्री बार्शीला जायचे आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने निघून दुपारी वर्गात. असे आठ सोमवार. सोळा तास गेले, ६० पैकी ४४ उरले, ७३.३३ टक्के. परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत नाव लागलं. वडील दुकान बंद करून समितीपुढे येऊन बसले आणि आत जायच्या आधी मला एवढंच म्हणाले, "सोमवारी आईच्या हातचा डबा घेऊन निघायचीस, तो कॉलेजला चाललाय असं वाटायचं." हमीपत्र लिहून दिल्यावर परीक्षेला बसू दिलं. सांख्यिकीतला तो सी कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा वेळापत्रक हाती आलं की घरी जायचे दिवस त्यावरून ठरवा. दिवाळी, गणपती, चुलत बहिणीचं लग्न, सगळं आधीच वजा करा. आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं की हजेरी आपोआप लागते हा गैरसमज आहे. त्याने फार तर सवलतीचा अर्ज करता येतो. आणि आपली नोंद आपल्याकडे ठेवा. पोर्टलवर हजर असताना गैरहजर लागलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात मेल करा. महिन्याने सरांनाही आठवत नाही.

७. विषय निवडणं

पोर्टल ठरलेल्या वेळी उघडतं आणि चांगल्या इलेक्टिव्हच्या जागा चहा संपायच्या आत भरतात. हॉस्टेलच्या वायफायवर तेव्हा सगळेच तुटून पडलेले असतात, मोबाइल डेटा चालू ठेवा. पहिली, दुसरी, तिसरी पसंती कागदावर लिहून बसा. मैत्रीण घेते म्हणून विषय घेऊ नका, पण कोणते सर शिकवणार ते जरूर विचारा. मायनर घेताना शेवटपर्यंतचे त्याचे सगळे पेपर बघा. पहिला पेपर सोपा आणि तिसऱ्यात एकदम संशोधनपद्धती, असं असतं. आवडलं नाही तर विषय बदलायला सहसा आठवडा-दोन आठवडे मिळतात.

स्वयम या केंद्र सरकारच्या पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्सही क्रेडिटला धरता येतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. पण मुभा म्हणजे हक्क नाही. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या.

८. परीक्षा

अंतर्गत गुण हीच खरी परीक्षा. आमच्याकडे निम्मे गुण सेमिस्टरभर चालणाऱ्या चाचण्या, असाइनमेंट आणि प्रेझेंटेशनला होते. शेवटचे पंधरा दिवस जागून ते परत येत नाहीत. उशिरा दिलेल्या असाइनमेंटचे गुण दिवसाच्या हिशेबाने कापतात, आणि चोरी तपासणारं सॉफ्टवेअर शेजारणीची फाइल लगेच ओळखतं.

बॅक राहिला तर पुढच्या वर्षात जायला किती क्रेडिट लागतात ते नियमपुस्तिकेत असतं. दादाची केटी आणि आपली केटी एक नव्हे. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि फेरतपासणी यांची मुदत निकालानंतर थोड्या दिवसांचीच असते, आणि निकाल हटकून सुट्टीत लागतो.

९. इंग्रजीची भीती आणि माणसं

मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात. पहिल्याच तासाला मॅडमनी "इलॅस्टिसिटी" विचारली आणि मी मान खाली घातली. तासाभराने कळलं, ही तर आपली मागणीची लवचिकता! "डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी" म्हणजे घटती सीमांत उपयोगिता, जी मला व्याख्येसकट पाठ होती. त्या संध्याकाळी दोन रकान्यांची वही केली, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. दिवाळीपर्यंत उजवा रकाना रिकामा राहायला लागला. हात वर करून "मॅम, कॅन आय से इट इन मराठी फर्स्ट?" हे वाक्य मी पहिल्या वर्षी चार-पाचदा वापरलं. एकदाही कुणी हसलं नाही. हसतील असं वाटून आधीचे दोन महिने गप्प बसले होते, तेवढे वाया गेले.

क्लब दोनच घ्या, त्यातला एक अभ्यासाशी संबंध नसलेला. इथे फीच्या मानाने मुलांचे खिसे फार वेगवेगळे असतात. दर शनिवारी बाणेरला जेवायला जाणाऱ्यांच्या मागे लागलात तर मेसचे पैसे पंधरा तारखेला संपतील.

रॅगिंगबाबत मात्र चेष्टा नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, यूजीसीचे नियम २००९ चे आहेत. चोवीस तास चालणारा क्रमांक १८००-१८०-५५२२, तो आजच मोबाइलमध्ये ठेवा. "ओळख करून घेतोय" म्हणून रात्री खोलीत बोलावलं तर जायचं नाही.

१०. थांबायचं की चौथं वर्ष, आणि निघताना

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, म्हणून तो विचार तिसऱ्या वर्षात नाही, पहिल्यातच करून ठेवायचा. स्पर्धा परीक्षेकडे जाणार असाल तर तीन वर्षं पुरतात.

जाताना एबीसी खात्यात सगळ्या सेमिस्टरची क्रेडिट चढली आहेत का ते स्वतः उघडून बघा. ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या) तीन-चार सीलबंद प्रती त्याच फेरीत काढा. नो ड्यूजच्या, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या कागदावर ग्रंथालय, हॉस्टेल, लेखा विभाग अशा सह्या गोळा कराव्या लागतात, आणि दर बुधवारी एक तरी सही करणारा रजेवर असतो. डिपॉझिट परत घ्यायला पहिल्या वर्षीची मूळ पावती लागते. माझी घरी होती, लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीच्या घडीत. ती आणायला एकदा बार्शीची एस.टी. धरली, सोमवारी पहाटेच परत निघाले.